श्वास शिल्लक ठेवू नका

वासंतीताईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या दवाखान्यात झाली नाही. ती झाली पंचवटीतल्या एका लहानशा देवळात, स्तोत्रपठण संपल्यावर. सोळा वर्षं झाली त्याला. माझी धाकटी मुक्ता तेव्हा सात महिन्यांची होती. पठण संपून मी सतरंजीवरून उठू लागले, तेवढ्यात शेजारच्या काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय गं, लगेच तिसरं? कितवा महिना?" बायका हसल्या. मीही हसले, सांगणार कोणाला? मागे बसलेल्या एक अनोळखी बाई मात्र हसल्या नाहीत. चपला घालताना त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "एक विचारू? उठताना तुम्ही श्वास कुठे ठेवता?"

मला काही कळेना. श्वास म्हणजे काय किल्ली आहे, कुठेतरी ठेवायला?

"दाबून धरता," त्याच म्हणाल्या. "गाल फुगले होते तुमचे. आणि बाळ एवढं रडत होतं, तरी सासूबाईंकडेच का?"

मला रडूच आलं. कारण खरं दुखणं तेच होतं. वाढलेल्या पोटाची लाज मी पदराखाली झाकत होते, पण मला माझ्या मुक्ताला उचलता येत नव्हतं. वाकले की कंबर धरायची, पोटात मधोमध ओढ बसायची. एकदा तर ती हातातून निसटता निसटता वाचली. त्या दिवसापासून मी धसका घेतला. बसल्या जागी पाजायचं, बाकी सगळं आजीनं करायचं. पोर हात पसरायची आणि मी म्हणायची, "आजीकडे जा." होता होता तिनं माझ्याकडे हात पसरणंच सोडलं. हे मी देवाशिवाय कोणाला बोलले नव्हते.

ताई फिजिओथेरपिस्ट आहेत, हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात गेल्यावर कळलं. त्यांनी मला उताणं झोपवून गुडघे वाकवायला सांगितले आणि म्हणाल्या, "आता फक्त डोकं उचला." पोटावर मधोमध लांबट उंचवटा आला. ताईंनी माझीच बोटं बेंबीच्या वर ठेवली. तीन बोटं आरामात आत गेली! मी घाबरले. ताईंनी समजावलं, की पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या एका पट्टीनं जोडलेले असतात. बाळ वाढतं तशी ती पट्टी ताणते आणि स्नायू बाजूला सरकतात. हे जवळजवळ प्रत्येक बाईचं होतं. बऱ्याच जणींचं आपोआप सावरतं, काहींचं राहतं. "यात तुमचा काही दोष नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं. तोवर मला असं कोणी एकदाही म्हटलं नव्हतं.

मग चौकशी झाली. मी सगळं कबूल केलं. सासूबाईंनी बाळंतपणात जुन्या लुगड्यानं पोट बांधलं होतं. सव्वा महिन्यानं त्यांनी ते सोडायला सांगितलं, पण मी सोडलं नाही. बाजारातला पट्टा कशाला विकत घ्या, घरचं लुगडं आहे की, म्हणून मी ते रोज आणखी आवळत गेले. सात महिने! वर कोणीतरी सांगितलं म्हणून उताणं झोपून उठायचा व्यायाम करत होते, तोही श्वास कोंडून. सोबत आलेल्या सासूबाईंचा चेहरा उतरला. ताईंनी त्यांच्याकडे वळून आदरानं सांगितलं, "आई, तुम्ही मायेनं बांधलंत, आणि वेळेवर सोडायलाही सांगितलंत. ओल्या बाळंतिणीला आधार बरा वाटतो. पण इतकं आवळलं की श्वासाला जागा राहत नाही, आणि सगळा दाब खाली आणि मधल्या पट्टीवर येतो." सासूबाई तिथल्या तिथे मला म्हणाल्या, "बघ. माझं ऐकलं असतंस तर!" ताई आणि त्या, दोघीही हसल्या. दुसऱ्याचा मान राखून चूक दाखवणं मी ताईंकडे पाहिलं, तसं फार कमी ठिकाणी पाहिलं.

उपचार म्हणजे काय, तर श्वास. मला वाटलं होतं गोळ्या देतील, यंत्र लावतील. ताईंनी बरगड्यांवर हात ठेवायला लावले. श्वास घेताना बरगड्या आणि पोट मोकळेपणी फुलू द्यायचं, सोडताना हळूहळू पोट आत जाऊ द्यायचं. उठायचं ते कुशीवर वळून. आणि काहीही उचलायचं, तर श्वास सोडत सोडत.

ऐकायला सोपं, पण मला महिनाभर जमेना. वर्षानुवर्षं घरचा जमाखर्च मांडणारी बाई मी. कशातलंही थोडं राखून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. श्वासाचंही तेच. पूर्ण सोडतच नव्हते. शिवाय देवळात एका दमात जास्तीत जास्त ओळी म्हणणारी म्हणून माझं नाव होतं, त्याचा मला अभिमान! शेवटी एक दिवस ताईंनी डोक्याला हात लावला. "अहो, शिल्लक कशाला ठेवता? दुसरा श्वास देव फुकट देतोय ना?"

देवाचं नाव निघालं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देतो म्हणणाऱ्यावर विश्वास नसल्यासारखंच मी वागत होते. त्या दिवसापासून मी एकेक ओळ म्हणत श्वास पूर्ण सोडू लागले. ताईंनी माझं स्तोत्रच माझा व्यायाम करून टाकलं. कळशी उचलताना एक ओळ, पिठाचा डबा उचलताना एक ओळ. आधी रिकामी कळशी, मग अर्धी, मग भरलेली.

पाच महिन्यांनी ती तीन बोटांची जागा दीड बोटावर आली. मी अजून थोडं मिटू द्या म्हणून मागे लागले, तर ताई म्हणाल्या, "बोटं मोजणं पुरे. मधे हात दाबून बघा, घट्ट लागतंय. आता मुलगी उचला."

तरी मला धीर होत नव्हता. मग एका सकाळी मुक्ता अंगणात तुळशीजवळ पडली. नुकती चालायला लागली होती. भोकाड पसरून ती आजीला शोधू लागली. सासूबाई आतून ओरडल्या, "माझे हात पिठात आहेत गं, तूच घे!" मी एक गुडघा टेकला, तिला छातीशी घट्ट धरलं, तोंडानं ओळ सुरू केली आणि उभी राहिले. कंबर बोलली नाही. पोटात ओढ आली नाही. मुक्तानं रडायचं थांबून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान माझ्या खांद्यावर टाकली. मी तिला घेऊन स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंचे हात कोरडे होते, पिठाचा कणही नव्हता.

पुढे मी ताईंसोबत काही वेळा हरसूलला बाजाराच्या दिवशी गेले. तिथे त्या झाडाखाली बायकांना हेच शिकवत. एक बाई म्हणाली, "दोन हंडे डोईवर घेऊन चढ चढते मी, सास सोडाया येळ कुठं हाय?" ताई रागावल्या नाहीत. तिला हंडा उचलून दाखवायला लावला, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "चढताना तुमचं बरोबर आहे. फक्त उचलायच्या क्षणाला 'हुश्श' करा." त्याच दिवशी एकीच्या बेंबीजवळची गाठ पाहून त्यांनी सरळ सांगितलं, की हे माझ्या व्यायामाचं काम नाही, हर्निया असेल, सर्जनला दाखवा, आणि तारीख ठरेपर्यंत स्वतः तिच्या मागे लागल्या. आपल्या विद्येची हद्द कुठे संपते, हे त्या कधी विसरल्या नाहीत.

मुक्ता आता माझ्यापेक्षा उंच आहे. परवा देवळात पठण संपलं आणि ताई मोठी सतरंजी गुंडाळून उचलायला वाकल्या. गाल फुगलेले! मुक्ता लांबूनच ओरडली, "मावशी, श्वास!" ताईंनी भसकन श्वास सोडला आणि हसत हसत तिला म्हणाल्या, "आईवर गेलीस गं. धर दुसरं टोक."

ताई, साठी झाली म्हणून मी तुम्हाला आराम करा सांगणार नाही. तुम्ही ऐकणार नाही. माझ्या देवापाशी एवढंच मागणं आहे, की त्यानं तुम्हाला भरपूर श्वास द्यावेत, मोकळे आणि बिनदुखण्याचे. तुम्ही ते एकही राखून न ठेवता असेच वापरत राहा. सतरंजीचं दुसरं टोक धरायला माझी मुलगी आहे.