आमच्या कॉलेजचा यशस्वी माजी विद्यार्थी

आमच्या नगरच्या आर्ट्स कॉलेजात स्नेहसंमेलनाच्या दिवशी प्राचार्य माजी विद्यार्थ्यांची कर्तबगारी वाचून दाखवत. अमका मामलेदार झाला, तमका बँकेत लागला, कुणी पुण्याला प्राध्यापक. दरवर्षी तीच चार-सहा माणसं, फक्त त्यांच्या बढत्या नव्या. आम्ही पोरं पुढे बसून टाळ्या पिटायचो. बाकीचे ढिगाने बी.ए. झालेले कुठे गेले, हे कुणी विचारत नसे. मी बी.ए. झाल्यावर मला ते कळलं. ते आपापल्या गावी बसले होते, माझ्यासारखे.

मी अर्थशास्त्र घेऊन पास झालो आणि जामखेडकडच्या आमच्या गावी परतलो, तर दुष्काळ पडलेला. विहिरीनं तळ दाखवला होता, शेतात जाऊन करणार काय? सरकारने रस्त्याचं काम काढलं आणि सगळं गाव खडी फोडायला गेलं. वडील गेले, आई गेली, मीही गेलो. सुरुवातीला बायका मला बघून पदराआड हसायच्या. "बी.ए.ची खडी लई बारीक पडती," असं एक जण म्हणालीसुद्धा. पुढे पुढे हसायचंही त्राण कुणात उरलं नाही.

अशात कळलं, की कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्याच हायस्कुलात शिक्षकाची एक जागा निघाली आहे. बी.एड. नसलं तरी चालणार होतं. मी लगेच अर्ज केला. माझा जीव त्या जागेत अडकला. वडिलांनी तर मनात मला मास्तर करूनही टाकलं. पोरगा उन्हातून उठून सावलीत बसेल, एवढंच त्यांचं मागणं होतं.

एक दिवस कॉलेजची मुलं कामावर श्रमदानाला आली. पांढरे कपडे, कोऱ्या टोप्या, आणि सोबत आमचे अर्थशास्त्राचे सर. मुलांनी थोड्या पाट्या उचलल्या, फोटो काढून घेतले आणि झाडाखाली डबे सोडले. सर फिरत फिरत माझ्यापाशी आले. माझ्या हातात हातोडा, पायांना गोणपाटाच्या चिंध्या.

"अरे, तू इथे? वा! शिकलेल्या माणसाने असंच खेड्यात येऊन राबायला हवं."

"सर, मी इथलाच आहे. मजुरीवर आलोय. तेवढं हायस्कुलातल्या जागेचं बघा."

"बघतो ना," म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली आणि धुळीचा हात रुमालाला पुसला.

मग संमेलनाचं बोलावणं आलं. माझा सत्कार होता. नोकरी दिल्याशिवाय सत्कार कशाला करतील, असं वडील म्हणाले आणि मलाही ते पटलं. त्या दिवशीची मजुरी बुडवून आम्ही दोघं एसटीने नगरला गेलो. वडिलांनी लग्नाकार्याचं धोतर नेसलं होतं.

मामलेदार झाले, बँकवाले झाले, मग मला पुकारलं. सर बोलायला उठले. "पदवी घेऊन शहरात खुर्ची शोधणारे पुष्कळ आहेत. हा मात्र दुष्काळग्रस्तांच्या सेवेसाठी हातात हातोडा घेऊन उभा राहिला."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुष्काळग्रस्त म्हणजे कोण, तर मीच. मी आपला माझीच सेवा करत होतो म्हणायचं.

खांद्यावर शाल पडली आणि दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. मी आडपडदा ठेवला नाही. "मी कुणाची सेवा करत नाही. पोटासाठी खडी फोडतो. मला नोकरी पाहिजे," एवढंच बोललो. मांडव टाळ्यांनी दणाणला.

संस्थेचे सचिव कौतुकाने उठले. "याला म्हणतात विनय! आमच्या हायस्कुलातल्या जागेसाठी याचं नाव आमच्यापुढे आहे. पण अशा ध्येयवेड्या तरुणाला चार भिंतींत कोंडायचं पाप आम्ही करणार नाही. ती जागा आम्ही एखाद्या गरजूला देऊ."

पुन्हा टाळ्या. मला ती शाल त्यांच्या तोंडावर फेकावीशी वाटली. खरं बोलायला गेलो ते हात दाखवून अवलक्षण झालं. नोकरी नाही म्हणून दारातून हाकललं असतं, तरी एवढं लागलं नसतं. त्यांनी मला हार घालून हाकललं. इतकी वर्षं झाली, तो राग अजून उतरलेला नाही. मी व्यासपीठावरून पाहिलं, तर अगदी शेवटच्या रांगेत वडीलही हात उंच करून टाळ्या वाजवत होते. मग मला त्यांचाही राग आला.

परतीच्या एसटीत ते शाल मांडीवर घेऊन बसले होते. नगर मागे पडलं तशी त्यांनी विचारलं, "मंग, शाळा कवाधरनं?"

"दिली नाही नोकरी. ते म्हणाले, याला गरज नाही."

ते बराच वेळ नुसते शालीची घडी मोडत होते आणि पुन्हा घालत होते.

"मला मागं काय बी नीट आयकू येत न्हवतं," ते म्हणाले. "समदी टाळ्या वाजवाया लागली, मला वाटलं दिली नवकरी. म्हनून मी बी वाजवल्या."