खिडकीवरचे पांढरे डाग

अंबडच्या एमआयडीसीत अॅल्युमिनियमच्या भागांवर अॅनोडायझिंग करणाऱ्या एका कारखान्यात मी टेस्टिंग बघतो. अॅनोडायझिंग म्हणजे अॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा कडक थर चढवणं. तो थर टिकेल का हे कळावं म्हणून आम्ही नमुन्याच्या पट्ट्या बंद पेटीत ठेवतो आणि त्यांच्यावर दोन आठवडे मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतो. मग पट्टी काढून डाग आणि खड्डे मोजायचे. मर्यादेपेक्षा जास्त निघाले की सगळा लॉट नापास. या कामामुळे मला एक खोड लागली आहे. कुठेही चकाकणारा धातू दिसला की माझी मान आपोआप तिरकी होते.

अशाच तिरक्या मानेनं मी तुळशीच्या लग्नानंतर नाशिकरोडला मुलगी बघायला गेलो. सोबत लासलगावहून खास आलेला मामा होता. मुलीचे वडील नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ.

"आपण नेमकं काय करता?" त्यांनी विचारलं.

"मिठाच्या धुक्यात पट्ट्या ठेवतो."

"मग काय होतं?"

"काही होत नाही. म्हणजे, काही झालं नाही तरच चांगलं."

मामाला राहवेना. "लय मोठं काम हे त्याचं," तो म्हणाला. "यानं नाय म्हटलं का भरलेला ट्रक माघारी जातो!"

वडिलांचा चेहरा उजळला. "मग बरंच झालं. या खिडक्या गेल्या वर्षी बसवल्यात, अॅनोडाइज्ड. पण हे बघा काय झालंय."

तपकिरी चौकटीवर पांढरे ठिपके होते. मी उठलो. इतक्या ऐटीत मी कधी कंपनीतही उठलेलो नाही.

"सीलिंग नीट झालेलं नाही," मी म्हणालो. "थराला बारीक छिद्रं असतात. ती बंद केली नाहीत तर धातू आतून खाल्ला जातो. हा गंज आहे."

"गंज? पांढरा?"

"अॅल्युमिनियमचा पांढराच असतो. आणि हा डाग बघा, हा तर वाढतोय."

वडील घाबरले आणि त्यांनी तिथल्या तिथे खिडक्या बसवणाऱ्याला फोन लावला. तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली. आतून तिनं सगळं ऐकलं असावं, कारण ट्रे ठेवला आणि ओलं फडकं आणून तिनं माझा वाढणारा डाग पुसला. तो गेला. शेजारचाही गेला.

"दिवाळीत छताला रंग दिला होता. त्याचे शिंतोडे आहेत," ती म्हणाली.

फोन उचलला गेला होता. "काही नाही, सहजच," वडील पलीकडच्याला म्हणाले, "दिवाळीच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या होत्या."

डाग मोजण्याआधी पट्टी स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवायची, कारण वाळलेलं मीठ गंजासारखंच दिसतं, हा आमच्या टेस्टचा नियम. नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येकाला तो मीच आवाज चढवून सांगतो. त्या दिवशी मात्र मी खाली मान घालून पोहे खाल्ले आणि पुन्हा वाढायला आल्यावर नको म्हणालो.

"चांगलं स्थळ होतं रं," परतीच्या रिक्षात मामा एवढंच म्हणाला.

आठवडाभरानं तिचाच फोन आला, कॉलेज रोडला भेटू या का म्हणून. मला वाटलं, समोर बसवून नकार देण्याइतकी ती सभ्य आहे. पण ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. शेवटी मीच विचारलं, "एवढं होऊनही बोलावलंत?"

"आधी आलेले सगळे स्वतःबद्दल बोलले," ती म्हणाली. "तुम्ही निदान खिडकीबद्दल बोललात. चुकीचं, पण मनापासून."

माझी मान तेवढ्यात टेबलावरच्या चकाकणाऱ्या चमच्याकडे तिरकी झाली. तेही तिला आवडलं असावं. तिनं आणखी एक कॉफी मागवली, आणि पुढच्या वैशाखात आमचं लग्न झालं.