उरलेल्या दोन बाटल्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो. निवृत्त होऊन कडेगावजवळच्या आमच्या गावी आलो, तर गाव मला डॉक्टरच म्हणायला लागलं. मी कुणाला अडवलं नाही. आवडायचं हो — खोटं कशाला बोलू?

सुमन माझी धाकटी बहीण. तिला रक्ताचा कॅन्सर झाला. सांगलीला केमो चालू होती, मधले दिवस ती माझ्याकडे राहायची. ताप आला तर तासाभरात दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तो कागद मीच फ्रिजवर चिकटवला होता. आणि त्याच फ्रिजमध्ये मागच्या तापातल्या अँटिबायोटिकच्या दोन बाटल्या उरल्या होत्या.

ताप आला. "दादा, पुन्ना दवाखान्यातल्या त्या खोलीत न्हाई जायाचं मला," सुमन म्हणाली. मला तिची दया आली म्हणू — की नुसते हात शिवशिवले? जवानांना सुया टोचण्यात उमर गेलेला माणूस मी! केमोसाठी तिच्या दंडात बसवलेल्या नळीतून एक बाटली दिली, दुसऱ्या दिवशी दुसरी. ताप उतरला. मी खूश. तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली.

सांगलीत डॉक्टरांनी विचारलं, घरी काही अँटिबायोटिक दिलंय का? आणि मी म्हणालो — नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही. त्यांनी सुमनकडे पाहिलं. सुमननं माझ्याकडे.

"दादा म्हंतोय तसंच," ती म्हणाली.

त्यांनी नेमकं तेच औषध सुरू केलं. बाटली टांगलेली मी बघत होतो. रक्ताच्या पहिल्या तपासणीत जंतू दिसलाच नाही — माझ्या औषधानं दबला असणार. दुसरीत सापडला. त्या औषधाला दाद न देणारा. तोवर तीन दिवस गेले होते, आणि तिन्ही दिवस मी तिच्या उशाशी बसून होतो. मग औषध बदललं, किडन्या निकामी झाल्या, नवव्या दिवशी सुमन गेली.

खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का? डॉक्टरांना विचारायचं तर आधी खरं सांगावं लागेल. मी विचारलेलं नाही.

दहाव्याला नदीवर भाषणं झाली. शेवटी तिच्या नवऱ्यानं माईक घेतला. "दादा व्हतं म्हनून एवढं दिस तरी मिळालं." सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले.

मी हात जोडले.