पालकाने भरायचं पान

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, ती आता नाही. बहिणीपाशीही नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असता तरी काय? माझ्याबद्दल वाईट बोलणारी माणसं कोल्हापुरात पुष्कळ होती. फक्त तेव्हा ती खोटं बोलत होती.

कुठून सुरुवात करू? मंडळापासून करते. आमचं महिला मंडळ एका मोठ्या जागतिक संस्थेची शाखा होतं. कितीतरी देशांत अशा शाखा, सगळीकडे बिनपगारी राबणाऱ्या बायका. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी संस्थेनं ठरवलं — यंदा शिक्षण आणि शांतता. मग काय! आमच्या बायकांनी साड्यांच्या तुकड्यांची दप्तरं शिवली, ती केनियातल्या एका शाळेत गेली. जपानी मुलींनी काढलेली चित्रं आली. नॉर्वेहून पत्र आलं, त्यात वाळलेलं फूल. मी एका साखर कारखान्याच्या शहरातल्या ऑफिसात टायपिस्ट, म्हणून मंडळाची चिटणीसही मीच. पत्रं माझी, इंग्रजी माझं, वार्षिक अहवाल माझा. माणसांनी एकमेकांना क्षमा केली तरच जगात शांतता नांदेल, असं एक वाक्य मी त्या अहवालात पदरचं घातलं होतं. लोकांना फार आवडलं.

मंडळाच्या अध्यक्ष आक्का. हां — आता आक्कांचं सांगायला हवं.

बाविसाव्या वर्षी माझा साखरपुडा आक्कांच्या थोरल्या मुलाशी झाला होता. त्यांची धाकटी वसुधा तेव्हा दहा वर्षांची. परकर सावरत दिवसभर माझ्यामागं "वहिनी, वहिनी" करत फिरली. पुढं महिन्याभरानं दोन्ही घरची माणसं मिळून नृसिंहवाडीला गेलो. माझा उपास, वैशाखातलं ऊन, दर्शनाची रांग — मी चक्कर येऊन पडले. तोंडावर पाणी मारल्यावर उठलेही. एवढंच. पण तोवर आक्कांना मुरगूडकडचं भरपूर जमिनीचं एक स्थळ सांगून आलं होतं. लग्न मोडायला कारण हवं होतं, ते मी आयतं दिलं. "पोरीला फिट येतीया" — आक्कांनी हे आधी नातेवाइकांत सांगितलं, मग हळदीकुंकवाला सांगितलं, मग त्यांना सांगायची गरजच उरली नाही. मला त्यानंतर एकही स्थळ आलं नाही. अगदी एकही नाही. वडील तीन वर्षं चपला झिजवत फिरले आणि त्यातच गेले.

आणि बारा वर्षांनी ह्याच आक्का आमच्या दारात. "झालं गेलं सोड की आता, शैला. मंडळाला इंग्रजी येणारं माणूस पायजे." माफी? ती कसली? मी हो म्हटलं. तेव्हा वाटलं होतं, माझं मन मोठं आहे. आता वाटतं, मी टपून बसले होते.

त्या शांततेच्या वर्षात डेन्मार्कच्या शाखेनं कळवलं की प्रौढांना शिकवणाऱ्या एका तरुण मुलीला ते वर्षभर प्रशिक्षणाला बोलावतील. मंडळानं वसुधाचं नाव दिलं. अध्यक्षांची मुलगी म्हणून नव्हे — ती खरोखरच लायक होती. रोज एसटीनं कबनूरला जायची, यंत्रमागावरच्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत अक्षरं शिकवायची. चोवीस वर्षांची झाली होती, दुसरं कसलंच वेड नव्हतं. डेन्मार्कचं नाव निघाल्यापासून तर तिला जेवण गोड लागेना.

अर्जात एक पान पालकानं भरायचं होतं. उमेदवारानं ते बघायचं नाही, वेगळ्या पाकिटात बंद करून पाठवायचं. वसुधाचे वडील कधीच गेलेले. आक्कांना इंग्रजी येत नव्हतं. सही तेवढी इंग्रजीत करायच्या, फार अभिमानानं. एका दुपारी मी टाइपरायटर घेऊन त्यांच्या सोप्यात बसले. एकेक प्रश्न मराठीत विचारला. मुलीला काही आजार? "लिव्ह, काय बी न्हाय. ठणठणीत हाय म्हणावं."

मी टाइप केलं — मुलीला लहानपणापासून फिट येतात. गेल्या वर्षात दोनदा, शिकवता शिकवता.

टाइप करताना अडखळले का? नाही. एक अक्षर चुकलं नाही. कागद पुढं केला, आक्कांनी जीभ दाताखाली धरून सावकाश सही केली, मला चहा दिला. मंडळाच्या फाइलसाठी मी घरी दुसरं पान टाइप केलं, स्वच्छ, खरंखुरं. वाटेत पाव किलो पेढे घेतले होते. कसले म्हणून आईनं विचारलं, तर म्हटलं, सहज.

उत्तर मंडळाच्या पत्त्यावर, म्हणजे माझ्याच हातात आलं. वसुधाच्या आईनं इतक्या प्रामाणिकपणे कळवलं याबद्दल त्यांनी आभार मानले होते; मुलीची जबाबदारी मात्र घेता येत नव्हती. मी ते पत्र बंबात घातलं. आक्का आणि वसुधापुढं सांगितलं, इंग्रजी कमी पडतं म्हणतात. आक्कांचा चेहरा पडला, तो मी डोळे भरून पाहिला. आक्कांबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. वाटायला हवं, ठाऊक आहे. नाही वाटत.

पण इथवरचं मी एक वेळ कुणाला सांगू शकले असते. पुढचं नाही.

आठवड्याभरात वसुधा वही घेऊन माझ्याकडे आली. "ताई, मला इंग्रजी शिकवा की. पुढच्या वर्षी परत अर्ज करते." तिनं पुन्हा अर्ज केला असता तर जुनं सगळं बाहेर आलं असतं. मी तिला रोज तासभर शिकवलं. चार-सहा महिन्यांत ती माझ्याहून चांगलं लिहायला लागली. आणि मी? मी तिच्या अचूक वाक्यांवर लाल रेघा मारत होते. अजून पुष्कळ कमी आहे, म्हणत होते. रोज. ती मान खाली घालून तेच वाक्य पुन्हा लिहायची, मुद्दाम वेगळं, म्हणजे चुकीचं — आणि मी म्हणायची, हां, आता जरा बरं आहे.

दुसऱ्या वर्षी अर्ज आले तेव्हा तिनं मागितलाच नाही. "माझ्यानं न्हाय व्हायचं, ताई. माझ्या डोस्क्यातच न्हाय ते," म्हणाली. मग वही मिटून उठली, वाकली. "तुमी लई केलंसा माझ्यासाठी," म्हणत तिनं माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, सुखी राहा.