गिरिजाक्काच्या पापणीवरची गाठ

भर दुपारी दुकानात फोन आला आणि भाची उमा एवढंच म्हणाली, "मामा, आई गेली." मी "बरं" म्हणालो. बरं! समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला गोळ्यांची पट्टी कापून दिली आणि मगच शटर ओढलं. गिरिजाक्का माझी चुलत बहीण. मैंदर्गी या आमच्या गावी आम्ही एकाच घरात वाढलो. तिला जाऊन आता सव्वा महिना झाला. तिच्याविषयी लिहायला बसलं की तिच्याआधी माझी लाजच कागदावर उतरते... म्हणून तीच आधी लिहितो.

शहराच्या बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. अक्का जवळच राहायची, साड्यांना फॉल-पिको करायची. घरात कुणाला काही झालं की आधी माझ्याकडं. "डॉक्टर कशाला, आमचा चन्नू हाय की," असं ती चारचौघांत सांगायची आणि मी फुगायचो. दोन वर्षांपूर्वी ती उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर वाटाण्याएवढी गाठ घेऊन आली. लालसर-जांभळी, चकचकीत. "दुखतंय का?" मी विचारलं. "न्हाय रे. दुखत न्हाय म्हणूनच ऱ्हायले. पण सुई ओवताना मधी येतीय." रांजणवाडी असणार म्हणून मी मलम दिलं, शेक घ्यायला सांगितलं. पंधरा दिवसांनी परत आली, दुसरं मलम दिलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा गाठ बोराएवढी झाली होती. "चन्नू, हितले केस गळाले बघ की." मी काउंटरवरून वाकूनही पाहिलं नाही. "अक्का, वय झालं आता तुझं," म्हणून हसलो. तीही हसली.

असे अडीच महिने गेले. मग पुण्याहून उमा आली आणि आईचा डोळा पाहून त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडं घेऊन गेली. तुकडा काढून तपासला. मर्केल पेशींचा कर्करोग, कातडीचाच एक प्रकार. कातडीचा कर्करोग म्हणजे चिघळलेला व्रण नाहीतर काळा डाग, एवढंच मला ठाऊक. हे नावही मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टर म्हणाले, हा फार क्वचित होतो, दुखत नाही, पापणीवर रांजणवाडीसारखाच दिसतो, भलेभले फसतात; पण वाढतो झपाट्यानं, आणि तिथले पापणीचे केस गळतात. कानापुढं लसिकाग्रंथीची गाठ असते, तिच्यातही तो पोचला होता. "इतके दिवस काय लावत होता?" त्यांनी विचारलं. अहवाल ऐकायला मीही गेलो होतो, तिथंच भिंतीला टेकून उभा होतो. अक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "घरात मलम पडलं होतं, तेच लावलं मी." आणि मी... गप्प राहिलो.

पापणीचा बराचसा भाग काढला, खालच्या पापणीच्या कातडीनं तो भरला. त्यासाठी दीड महिना डोळा शिवून बंद ठेवला होता. कानापुढच्या आणि मानेतल्या गाठी काढल्या, मग किरणोपचार. एका डोळ्यानं ती फॉल लावत राहिली. पुढं यकृतात गाठी निघाल्या तेव्हा शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध सलाईनमधून सुरू झालं. सात-आठ महिने गाठी खरंच आक्रसल्या, ती मैंदर्गीच्या जत्रेलाही जाऊन आली. नंतर मात्र आजार औषधाला जुमानेना. प्रत्येक फेरीला मी बरोबर असायचो, डबा न्यायचो, रांगेत उभा राहायचो. भाऊ असावा तर असा, असं लोक म्हणायचे. तेही मी ऐकून घेतलं.

गेल्या रविवारी अक्काच्या घरी गेलो आणि उमाला सगळं सांगितलं. मलमं, गळलेले केस, डॉक्टरांसमोर गप्प बसणं... ती मध्ये एक शब्द बोलली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "आईनं सांगितलं होतं मला. म्हणाली, चन्नू एक दिवस येईल बोलायला. तवा मधी बोलू नको, आन् असू दे बी म्हणू नको. पुरतं बोलू दे त्याला."

उमा खरंच असू दे म्हणाली नाही. चहा टाकायला आत गेली. मी अक्काच्या खोलीत एकटा बसून राहिलो. भिंतीवरच्या आरशाला अक्कानं वर्तमानपत्र चिकटवलं होतं, डोळा शिवला तेव्हापासूनचं. एक कोपरा सुटला होता. कागद काढायला मी उठून त्याला हात लावला.

"राहू दे मामा," दारातून उमा म्हणाली. "ते मी काढीन."