बिनकडीचं दार

अमीरबीच्या घरात एकाही दाराला आतून कडी नाही. पुढच्या स्लॅबच्या खोलीला नाही, मागच्या पत्र्याच्या खोलीला नाही. न्हाणीला तर दारच नाही, जुनी सतरंजी टांगलेली आहे, आणि आत कोणी असलं की ते खाकरतं. यावरून लातूरजवळच्या औशात, आमच्या गल्लीत, भरपूर चेष्टा झाली. अमीरबीचा बांगड्या भरायचा धंदा, आणि गल्ली तिला खाला म्हणते, म्हणजे मावशी. चोर आला तर खाला त्याच्याही हातात बांगड्या भरून पाठवतील, असं लोक म्हणायचे. मला या चेष्टेचा राग यायचा. कारण कडी का नाही ते मला माहीत होतं, आणि चेष्टा करणाऱ्यांनाही माहीत होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी अमीरबी माहेरी गेली होती, किल्लारीच्या बाजूला. उकडत होतं म्हणून दहा वर्षांच्या धाकट्या लेकाला, शहेबाजला, घेऊन ती अंगणात झोपलेली. थोरली लेक आजीजवळ आतल्या खोलीत, दाराला आतून कडी. जमीन हलली, भिंत कलली, चौकट पिळवटली आणि कडी अडकून बसली. पोर आतून दार ओढत होती, अमीरबी बाहेरून ढकलत होती. "अम्मी, दरवाजा खोलो," असं पोर ओरडत राहिली. मग वरचं मातीचं माळवद खाली आलं. अमीरबीनं हे मला एकदाच सांगितलं, तेही बांगड्यांची पेटी आवरता आवरता, मान वर न करता.

तेव्हापासून तिच्या नाकावर राग आहे तो आहेच. गिऱ्हाइकावर राग, सरकारवर राग, देवावर तर बोलायलाच नको. डोक्यावर फळी नको, भिंतीला जड काही टांगायचं नाही, भांडी जमिनीवर, दारं बिनकडीची. शहेबाजनं टेम्पोच्या कमाईतून पुढं स्लॅबची खोली बांधली तेव्हा सुतारानं सवयीनं दाराला कडी ठोकली. अमीरबीनं त्याच्यासमोर ती उचकटून काढली. दाराला बोटभर भोक राहिलं. ती स्वतः त्या खोलीत कधी झोपली नाही, मागं पत्र्यातच राहिली. पत्रा पडला तर माणूस निघतो, असं ती म्हणते. यावर वाद घालायला मी कोण?

मी भागवत. बसस्टँडमागं माझं ऑनलाइन सेंटर आहे. लोकांची बिलं भरणं, दाखले काढणं हा माझा धंदा. त्यामुळं गल्लीत कोणाचंही इंटरनेट बंद पडलं की हाक मला येते, जसं काही ते मीच बंद केलं.

लॉकडाऊनच्या वर्षी शहेबाजची मुलगी सुमय्या दहावी झाली. पोरगी हुशार, डॉक्टर व्हायचं म्हणून बसलेली. आमच्याकडं डॉक्टर व्हायचं म्हणजे लातूरला जायचं आणि क्लास लावायचा, दुसरा रस्ता कोणाला ठाऊक नाही. भूकंपानं मोडलेला जिल्हा क्लासच्या पाट्यांनी पुन्हा उभा राहिला, असं लोक अभिमानानं सांगतात. त्या पाट्यांखाली उभं राहायला किती पैसे पडतात, ते शहेबाजला विचारा. त्याचा टेम्पो दाराशी उभा होता, भाडं मिळत नव्हतं. अशात लातूरच्या एका क्लासनं जाहीर केलं की ऑनलाइन परीक्षा घेणार, वरच्या नंबरांना दोन्ही वर्षांची फी माफ. सुमय्यासाठी तेवढंच एक दार उघडं होतं. आणि आमच्या गल्लीत मोबाइलचं नेट म्हणजे, व्हॉट्सॅपचा फोटो उघडेपर्यंत चहा निवतो. म्हणून घरात वायफाय घ्यायचं ठरलं.

कंपनीचा माणूस आला तो घाईतच. खांबावरून वायर ओढली, स्लॅबच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडलं आणि मोडेमचा डबा पार वर, सुमय्याच्या खाटेच्या बरोबर उशाशी, दोन खिळ्यांवर टांगला. हिरवे दिवे लागलेले दाखवले, शहेबाजची सही घेतली आणि गेला. पोरगी कुठं बसते, कुठं अभ्यास करते, एका शब्दानं विचारलं नाही. असल्या कामाचा मला भयंकर संताप येतो.

संध्याकाळपर्यंत नेट पळत होतं. दुसऱ्या दिवशी गोगलगाय झालं. शहेबाजनं कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. इतका महत्त्वाचा, की दुपार गेली. शेवटी एक बाई बोलायला आली तोवर शहेबाज नळावर गेलेला आणि फोन अमीरबीच्या हातात. बाईनं विचारलं, मॅडम, मोडेम कुठे आहे? अमीरबीला ऐकू आलं 'मोडेन'. तिचा पारा चढला. आधीच चालत नाही, वर मोडायची धमकी देते? तूच ये, कोण काय मोडतं ते बघते, म्हणून तिनं त्या बाईची अशी हजेरी घेतली, की तिकडून फोन ठेवला गेला. मागोमाग मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. तो मेसेज घेऊन शहेबाज माझ्याकडं आला. वाचून माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली.

मी घरी जाऊन पाहिलं तर भिंतीवर नुसते खिळे. डबा कुठाय? सुमय्यानं कोपऱ्याकडं बोट केलं. ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीमागं, जमिनीवर, धूळ बसू नये म्हणून वर ओढणी घालून, मोडेम जणू निजवला होता. कंपनीच्या माणसाची पाठ वळताच अमीरबीनं तो उतरवला होता.

मी समजावलं, की खाला, याची लहर पत्र्यातून जात नाही, हा मोकळ्यावर आणि उंचावर पाहिजे.

"उंच ठेवलेलं खाली पडतं, भागवत," ती म्हणाली. "पोरीच्या डोस्क्यावर मी काय बी टांगू देणार न्हाई. एवढूसा असू दे न्हाईतर केवढा बी."

पाव किलो वजनाचा डबा तो, पडला असता तरी फार तर टेंगूळ आलं असतं. पण हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. शेवटी खाट राहिली तिथंच आणि मोडेम समोरच्या भिंतीपाशी स्टुलावर आला, कोणाच्याही उशापासून लांब. त्या खोलीत नेट पळायला लागलं. मागच्या पत्र्याच्या खोलीत मात्र सिग्नलची एक रेघ येईना. अमीरबीला जो पत्रा भरवशाचा, तोच लहरीला आडवा. म्हणजे परीक्षा द्यायची तर स्लॅबखाली. अमीरबीनं तेवढं गिळलं. दार उघडं असेल तर बसू दे, म्हणाली.

आणि घोडं तिथंच अडलं. परीक्षेच्या आधी क्लासनं सरावाचा पेपर घेतला. मोबाइलचा कॅमेरा पूर्ण वेळ चालू, मागं दुसरा माणूस दिसला की इशारा, पुन्हा दिसला की पेपर बंद. श्रावण होता. लॉकडाऊन जरा सैल झालेलं, पंचमीसाठी बायका बांगड्या भरायला अमीरबीकडं यायला लागलेल्या. पलीकडच्या आळीतली शिवगंगा आली. दार नुसतं लोटलेलं, तिनं ढकललं आणि खाला आहेत का म्हणत थेट कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. इशारा आला. दार लावलं तर वाऱ्यानं उघडलं, शेजारचं करडू आत आलं आणि त्यामागं करडाला शोधत त्याची मालकीण. पेपर बंद.

शहेबाजनं क्लासला फोन केला. तिथल्या साहेबांनी सांगितलं, की दाराला कडी लावून बसवा, एवढं तर घरोघरी असतं. एवढं तर घरोघरी असतं! मला त्या साहेबाला औशाहून खाली, भूकंपातल्या गावांमधून पायी फिरवून आणावंसं वाटलं. जिल्हा त्याचाच, पोरं तिकडचीच, आणि याला हे माहीत नाही.

शहेबाज बाजारातून नवी कडी घेऊन आला. स्क्रू पिळायला बसला तशी अमीरबी उंबऱ्यावर येऊन बसली, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना. घरात ती माणसं दखनी उर्दू बोलतात. मी मराठीत सांगतोय, पण त्या दुपारी जे बोलणं झालं ते कोणत्याही भाषेत वाईटच होतं. शहेबाज म्हणाला, की सत्तावीस वर्षं झाली, आता पुरे. अमीरबी म्हणाली, की वर्षं तू मोज, मला मोजायचं काम नाही. कडी लागली तर मी या घरात पाणी पिणार नाही.

मग सुमय्या बोलली. ती कधी उलट बोलणारी पोर नव्हती. कधी न पाहिलेल्या आत्याला ती फुप्पी म्हणते.

"फुप्पी आत राहिली म्हणून मी पण आतच राहू का, दादी? जन्मभर?"

शहेबाजनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अमीरबी उठली, मागं पत्र्याच्या खोलीत गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही. मला त्या वेळी तिघांचाही राग आला आणि तिघांचंही बरोबर वाटत होतं. सगळ्यांत जास्त राग आला तो त्या मोडेमचा. हिरवे दिवे लुकलुकवत निवांत बसला होता, या सगळ्याशी आपला काही संबंध नाही असा.

परीक्षेच्या दिवशी नेटला काही झालं तर जवळ असावं म्हणून मी सकाळीच गेलो. दाराला कडी लागलेली नव्हती. अमीरबी पुढच्या अंगणात उभी होती, हातात बांगड्या ओवायची जाड सुतळी. उचकटलेल्या कडीच्या भोकातून तिनं सुतळी ओवली आणि आत गाठ मारली. सुमय्याला आत बसवलं, बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि उंबऱ्याबाहेर पोत्यावर बसून सुतळीचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं. दार आत उघडणारं, त्यामुळं तिनं सुतळी ताणली, की घट्ट बसायचं.

"कडीला कळत न्हाई कवा सोडायचं," ती मला म्हणाली. "मला कळतं. बस तिकडं, बडबडू नको."

पेपर सुरू झाला. बांगड्या भरायला आलेल्या बायकांना तिनं नुसत्या डोळ्यांनी परत पाठवलं. करडाला चप्पल फेकून मारली. शहेबाज येरझाऱ्या घालत होता, त्यालाही गल्लीच्या टोकाला हाकलला. ऊन अंगावर आलं तरी जागची हलली नाही. मी पोतं सावलीत ओढू का विचारलं तर माझ्यावर खेकसली.

मध्येच एक बोअरची गाडी गल्लीतून गेली. जमीन थरथरली. पेटीवर टांगलेल्या बांगड्या किणकिणल्या. या घरात बांगड्या आपोआप वाजल्या, की सगळे अंगणात पळतात, शहेबाजसुद्धा. अमीरबीचा चेहरा पांढराफटक पडला. सुतळी सैल झाली, दारात बोटभर फट पडली. तेवढ्यात तिला गाडीचं मागचं चाक दिसलं. तिनं बोअरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि सुतळी पुन्हा ओढली, पहिल्यापेक्षा घट्ट. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण तोंडाचा पट्टा चालूच होता.

निकाल इथंच सांगून टाकतो. सुमय्याची फी माफ झाली, पण अर्धी. जाहिरातीत 'पूर्ण' मोठ्या अक्षरांत होतं. अर्ध्याचं खाली कुठंतरी मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. तेव्हा मी क्लासला फोन करून काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. शहेबाजनं उरलेल्या अर्ध्याचं कसंबसं जमवलं. सुमय्या आज लातूरला आहे, खोली करून राहते, आणि तिच्या खोलीच्या दाराला कडी आहे की नाही, हे अमीरबी तिला फोनवर विचारत नाही.

पण मला सांगायचं होतं ते त्या दिवसाचं. पेपर संपल्याचं बाहेर आम्हांला कळलं नाही. सुमय्यानं मोबाइल ठेवला, उठली, दाराला हात घातला आणि ओढलं. दार हललं नाही. तिनं जोर लावला. मग आतून तिचा आवाज आला.

"दादी, दरवाजा खोलो."

अमीरबी जागच्या जागी थिजली. सुतळी तिच्या मनगटात रुतली होती, आणि दुसऱ्या हाताची बोटं ती सोडवायला धडपडत होती. वेढे सुटेनात. मी धावलो तर तिनं मला ढकलून दिलं. सुतळी तिनं दातांत धरली, हिसडा मारला, कातडी सोलवटली तरी हात बाहेर ओढून काढला आणि मोकळी सुतळी टाकून दिली.

दार उघडलं. सुमय्या उन्हात डोळे बारीक करून उभी होती, पेपर बरा गेला म्हणून सांगत होती. अमीरबीनं तिला अंगणात ओढलं, तिच्या तोंडावरून, डोक्यावरून, दंडांवरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला, आणि मग फाडकन तिच्या गालात मारली.

"एवढा वेळ लावतात व्हय?" ती म्हणाली, आणि तिला छातीशी धरून तिथंच खाली बसली.