तळातले थेंब

प्रयोगशाळेत तिला सगळे थेंबताई म्हणत. काचनळीतून थेंब काढावा तर तिनेच, इतका तिचा हात स्थिर.

गायीला कालवडच व्हावी म्हणून वळूच्या रेतातले शुक्राणू निवडणारं यंत्र त्यांच्या केंद्राला परवडणारं नव्हतं. म्हणून प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी साधा उपाय शोधला. रेतात औषध मिसळून नळी कोमट पाण्याच्या टाकीत तासभर उभी करायची. गोऱ्हा देणारे शुक्राणू पोहत वर जात, कालवड देणारे सुस्तावून खाली राहत. तळातले थेंब अलगद काढून मात्रा भरायच्या. पहिल्या अकरा वासरांत नऊ कालवडी झाल्या, तेव्हा साठीला टेकलेले सर टेबलावर थाप मारून लहान मुलासारखे हसले होते.

मग मात्रा गोठ्यागोठ्यांत गेल्या. थेंबताईच्या दादानेही तीन नेल्या. "तुझ्या हातच्या ना? मग झालं तर," तो म्हणाला.

पण गायी गाभण राहीनात. एके दिवशी तिने टाकीत सहज दुसरा थर्मामीटर बुडवला. टाकीचा काटा अडतीस दाखवत होता, पारा त्रेचाळीसवर होता. शुक्राणू भाजून निघत होते. ते मलूल दिसले, तर औषधानेच सुस्तावलेत असं सगळ्यांना वाटलं होतं. टाकी रोज तपासायचं काम तिचंच होतं.

तिने काटा गुपचूप दुरुस्त करून घेतला. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता वरचे साहेब येऊन गेले. पद्धतीतच खोट आहे, असा शेरा पडला आणि काम बंद झालं. सर मान खाली घालून निवृत्त झाले. तिन्ही मात्रा वाया गेल्यावर दादाने तांबडी गाय वांझ ठरवून विकली.

नऊ वर्षांनी, स्वतःची नोकरी संपल्यावर, ती सरांच्या घरी गेली. चहा निवून गेला तरी तिला तोंड उघडवेना. शेवटी एका दमात सगळं सांगून टाकलं. आता सर चिडतील, म्हणून ती अंग चोरून बसली.

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे पद्धत बरोबर होती?"

"होती, सर."

"अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?" ते उठून उभेच राहिले. "मी तुम्हाला खाल्लं असतं का?"

ती निघाली तेव्हा सर दारापर्यंत आले.

"भावाला सांगितलंत?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"सांगा," ते म्हणाले.

जिन्यावरच तिने फोन काढला. दादाने पहिल्याच घंटेला उचलला. "बोल गं, सगळं ठीक ना?"

"हो रे, सहजच केला," ती म्हणाली.